रिकाम्या पुलावरची गर्दी: बदलत्या उजेडात व्हिडिओतून हालचाल मोजण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम रेल्वेवरच्या एका उपनगरी स्थानकाचा पादचारी पूल. वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी, फलाटांवर उतरणारे चार जिने. कॅमेरे आधीपासूनच लावलेले होते. त्यांच्याच चित्रणातून माणसांचा ओघ मोजायचं काम एका छोट्या गटाकडे आलं. कुठल्या जिन्यावर लोक कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकताहेत, हे दर पाच सेकंदांनी नियंत्रण कक्षात दिसायला हवं होतं. चेहरे ओळखायचे नव्हते आणि डोकीही मोजायची नव्हती. दाट गर्दीत डोकी एकमेकांआड जातात, पण गर्दीचं सरकणं दिसत राहतं. म्हणून ऑप्टिकल फ्लो, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेलवरचं चित्र कुठे सरकलं याचा अंदाज, हा मार्ग निवडला. निवड योग्यच होती.

हे काम मुंबईत का हवं, ते वेगळं सांगायला नको. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. तेव्हा पाऊस कोसळत होता आणि लोक पुलावरच थांबून राहिले होते. पाऊस, अंधारून येणं आणि गर्दी एकत्र येतात, हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे.

मांडणी साधी होती. 1080 ओळींचं चित्र सेकंदाला 30 फ्रेमने यायचं, ते 640 × 360 वर लहान केलं जायचं आणि त्यावर फार्नेबॅक पद्धतीने (2003) फ्लो काढला जायचा. पुलाच्या मध्यावर एक पिक्सेल म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. चित्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा सरासरी वेग पुढे पाठवायचा. संगणक जिन्याखालच्या पत्र्याच्या कपाटात होता आणि त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं.

अडचण

पहिल्या आठवड्यातच नियंत्रण कक्षातून फोन आला. रात्री तीन वाजता, लोकल बंद असताना, पुलावर ‘मध्यम वर्दळ’ दिसत होती. चित्रणात एक कुत्रा झोपलेला होता, बाकी पूल मोकळा.

दिवसाही आकडे खटकत होते, पण गर्दीमुळे ते लक्षात येत नव्हतं. रिकाम्या पुलाने चूक उघडी पाडली, कारण तिथे जो वेग दिसेल तो खोटाच.

या चुकीचं मूळ ऑप्टिकल फ्लोच्या पायाभूत गृहीतकात आहे. हॉर्न–शुंक आणि लुकस–कानाडे या दोन्ही पद्धती 1981 च्या, आणि वस्तू हलली तरी तिच्या बिंदूची प्रखरता बदलत नाही हे दोन्ही धरून चालतात. एखाद्या पिक्सेलवर प्रखरता बदलली, की गणित तिचा एकच अर्थ लावतं, की काहीतरी सरकलं. उजेड बदलला असेल ही शक्यता त्या समीकरणात नसतेच. मग खोटा वेग किती निघतो? प्रखरतेतला बदल भागिले त्या जागी चित्राचा उतार, म्हणजे ग्रेडियंट.

आकडे घालून पाहू. पुलाच्या मळक्या लादीवर शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये प्रखरतेच्या जेमतेम दोन पातळ्यांचा फरक असतो (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा 256 पातळ्या). दोन फ्रेमच्या मध्ये उजेड चार पातळ्यांनी वाढला, तर खोटा वेग चार भागिले दोन, म्हणजे फ्रेमला दोन पिक्सेल. सेकंदाला 30 फ्रेम आणि पिक्सेलला दोन सेंटिमीटर धरले, तर सेकंदाला 1.2 मीटर. माणूस सरळ चालताना साधारण याच वेगाने चालतो! त्यामुळे नियंत्रण कक्षातल्या माणसाला आकडा विचित्र वाटायचं कारणच नव्हतं. चूक नेमकी माणसाच्या चालीएवढी होती. लादी जितकी सपाट, तितका भाजक लहान आणि खोटा वेग मोठा. म्हणून जिथे पाहायला काहीच नव्हतं, तिथेच सर्वांत जास्त ‘गर्दी’ दिसत होती.

पहिले दोन आठवडे

गटाने आधी तीन सोपे उपाय केले. तिन्ही वाया गेले, आणि का वाया गेले हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिला उपाय पुढे-मागे पडताळणीचा. पहिल्या फ्रेमवरून दुसरीकडे फ्लो काढायचा, मग दुसरीवरून पहिलीकडे, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आले नाहीत तर तो पिक्सेल टाकून द्यायचा. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूआड जाते तेव्हा होणाऱ्या चुका यात छान पकडल्या जातात. उजेडाची चूक मात्र सापडत नाही. पुढे जाताना प्रखरता चारने वाढली, तर मागे येताना ती चारनेच कमी होते. खोटा वेगही तितकाच आणि नेमका उलट्या दिशेचा निघतो. पडताळणी आनंदाने शिक्का मारते. यात आठ दिवस गेले.

दुसरा उपाय किमान वेगाची चाळणी. सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेग शून्य धरायचा. रात्रीची बरीचशी खोटी वर्दळ गेली, आणि उपाय लागू पडला असं वाटलं. पण संध्याकाळी सव्वासातच्या गर्दीत जिना ‘शांत’ दिसायला लागला. जिना तुंबला की लोक पाऊल-पाऊल सरकतात, सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटरने. जी स्थिती हेरण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तीच चाळणीतून गळून गेली.

तिसरा उपाय, उजेड बदललेल्या फ्रेम सरळ टाकून देणं. हा सर्वांत फसवा. जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्याला खाली फलाटाची कड आणि रुळांचा काळोखा पट्टा दिसतो. लोकल आली की तिथे चकचकीत डबे आणि उजळलेल्या खिडक्या येतात. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर, म्हणजे उजेड पाहून चित्राची प्रखरता आपोआप ठरवणारी सोय, दचकून चित्र काळवंडवतं, आणि पुढच्या काही सेकंदांत त्याच गाडीतली माणसं जिन्यावर चढतात. पावसाचंही तेच. ढग दाटून आले की उजेड कमी होतो आणि लोक पत्र्याखाली थांबतात. उजेडाचा बदल आणि गर्दी एकाच कारणाने येतात. खराब फ्रेम टाकल्या, तर नेमक्या हव्या असलेल्या फ्रेम जातात.

पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर ठरले: उजेडाच्या बदलातूनच मोजायचं, त्याला वळसा घालायचा नाही.

उजेड नेमका कशाने बदलत होता

रात्रीच्या रिकाम्या चित्रणाचे दहा मिनिटांचे तुकडे काढून प्रत्येक ओळीची सरासरी प्रखरता वेळेनुसार मांडली. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आडवे, रुंद पट्टे, एका फ्रेममध्ये तीन, आणि दर तिसऱ्या फ्रेमला पुन्हा जागच्या जागी.

हा हिशेब विजेचा आहे. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. जुन्या चोकवाल्या पट्टीत हे होतं, आणि भरपूर लुकलुकणाऱ्या स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडी ट्यूबमध्ये तर जास्तच होतं. कॅमेऱ्याचा सेन्सर ओळी एकदम वाचत नाही, वरून खाली एकेक वाचतो. इथे पूर्ण वाचनाला साधारण 30 मिलिसेकंद लागत होते. त्या वेळात दिव्याचे तीन फेरे होतात, म्हणून तीन पट्टे. आणि 100 भागिले 30 म्हणजे 3.33. प्रत्येक फ्रेमला पट्टे एक तृतीयांश फेरा पुढे सरकतात आणि तिसऱ्या फ्रेमला मूळ जागी येतात.

कॅमेऱ्यात लुकलुक रोखण्याची सोय होती, पण ती 60 हर्ट्झवर ठेवलेली. बहुधा कारखान्यातून आली तशीच. त्यामुळे रात्री शटर, म्हणजे प्रत्येक ओळ उजेड गोळा करते तो वेळ, 1/120 सेकंदावर बसत होतं. शटर 1/100 असतं, तर प्रत्येक ओळीने दिव्याचा नेमका एक पूर्ण फेरा गोळा केला असता आणि पट्टे उमटलेच नसते. 1/120 ला फेरा अपुरा राहतो आणि मूळ लुकलुकीचा साधारण पाचवा हिस्सा चित्रात उरतो. डोळ्यांना तो दिसत नाही. फ्लोला दिसतो.

इथे आणखी एक चूक सापडली, आणि ती गटाच्या स्वतःच्या कोडमधली होती. पट्ट्यांमुळे येणारा खोटा वेग तीन फ्रेमच्या फेऱ्यात स्वतःच फिटतो, कारण वाढलेली प्रखरता तितकीच परत कमी होते. सदिशांची, म्हणजे दिशेसकट वेगांची, सरासरी घेतली असती, तर तो जवळजवळ शून्यावर आला असता. कोड मात्र दिशा सोडून नुसत्या वेगाच्या आकारमानाची सरासरी घेत होता. आकारमान कधी उणे नसतं, त्यामुळे चुका फिटण्याऐवजी साठत गेल्या. एका ओळीची दुरुस्ती होती ती.

मग वाटलं, संपूर्ण चित्राला एकच गुणक आणि एकच अधिक-उणे लावून प्रखरता जुळवून घ्यावी. तेही फसलं. पुलाच्या एका टोकाला उजेड चढत असताना दुसऱ्या टोकाला उतरत होता. स्थानकाच्या इलेक्ट्रिशियनने कारण दोन वाक्यांत सांगितलं: “साहेब, तीन फेज आहेत. सगळे दिवे एकाच फेजवर कसे टाकणार?” लागोपाठचे दिवे आर, वाय आणि बी फेजवर, म्हणजे वेगवेगळ्या क्षणी चढ-उतार होणाऱ्या तीन वीजतारांवर, वाटलेले होते. चांगल्या वायरिंगमध्ये हे मुद्दाम करतात, म्हणजे माणसाला लुकलुक कमी जाणवते. कॅमेऱ्याच्या चित्रात मात्र त्यामुळे प्रखरतेचे तीन वेगवेगळे प्रदेश तयार होतात, आणि एका गुणकात ते मावत नाहीत.

पर्यायांची तुलना

पाच पर्याय पुढे आले. त्यातल्या दोनांवर फार वेळ घालवायची गरज नव्हती. पहिला, न्यूरल नेटवर्कवर आधारलेला फ्लो, 2020 च्या राफ्टसारखा. उजेडाचे बदल अशा पद्धती बऱ्यापैकी पचवतात. पण कपाटातल्या संगणकावर चार कॅमेऱ्यांसाठी तो चालणार नव्हता, आणि तो का चुकला हे शोधणं कठीण. दुसरा, क्लाहे म्हणजे चित्राचा कॉन्ट्रास्ट तुकड्या-तुकड्याने सपाट करून घेणं. करून पाहिलं. मळक्या लादीवरचा गोंगाट वर उचलला गेला आणि चित्राचे तुकडे फ्रेमगणिक वेगवेगळे उजळायला लागले. उजेडाचा एक नवाच बदल गटाने स्वतःच्या हाताने घातला होता.

उरले तीन. कॅमेऱ्याच्या सेटिंग सुधारणं, फ्लोचं मूळ गृहीतक बदलणं, आणि वेगाबरोबर उजेडाचा बदलही अज्ञात धरून सोडवणं. या शेवटच्या मार्गात प्रत्येक जागी गुणक आणि अधिक-उणे हे दोन आणखी अज्ञात येतात. नेगाहदारीपूरने 1998 मध्ये फ्लोची व्याख्याच अशी रुंदावून मांडली. कागदावर हे सर्वांत देखणं आहे. पण सपाट लादीवर दोन अज्ञातांपुरतीही माहिती नसते, मग चार कुठून काढायचे? जिन्याच्या पायऱ्यांवर ते चाललं, पुलावर नाही. म्हणून सोडलं.

गृहीतक बदलण्यात दोन वाटा होत्या. प्रखरतेऐवजी तिचा उतार स्थिर धरला, तर सगळीकडे सारखीच चढणारी प्रखरता आपोआप वजा होते, पण गुणकाने होणारा बदल उरतो. दुसरी वाट सेन्सस रूपांतराची, झबीह आणि वुडफिल यांची, 1994 ची. प्रत्येक पिक्सेलसाठी फक्त इतकंच लिहून ठेवायचं की भोवतालचे आठ शेजारी त्याच्यापेक्षा उजळ आहेत की काळपट. उजेड वाढो की कमी होवो, शेजाऱ्यांची क्रमवारी बदलत नाही, त्यामुळे ही खूणही बदलत नाही. तोटाही तिथेच. दोन पातळ्यांचा फरक असलेल्या लादीवर क्रमवारी गोंगाटाने ठरते, आणि खुणा दर फ्रेमला नाचतात. उपाय म्हणजे ‘उजळ’ आणि ‘काळपट’ यांच्या जोडीला ‘सारखाच’ असा तिसरा पर्याय ठेवायचा. इथे चार पातळ्यांपेक्षा कमी फरक ‘सारखाच’ धरला. मग सपाट जागा खोटं बोलण्याऐवजी गप्प बसते.

केलेली कामं

कॅमेरे आधी की सॉफ्टवेअर आधी, यावर गटात मतभेद होते. कॅमेऱ्यांची मालकी दुसऱ्या यंत्रणेकडे होती, आणि सेटिंगला हात लावायला लेखी परवानगी लागणार होती. सॉफ्टवेअर हातात होतं, म्हणून काहींना तिथूनच सुरुवात हवी होती. शेवटी दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू झाली: परवानगीचा अर्ज सकाळी गेला आणि कोड दुपारी उघडला. परवानगी यायला पाच आठवडे लागले.

कॅमेऱ्यांवर पुढचे बदल झाले. लुकलुक-रोधक 50 हर्ट्झवर. फ्रेम सेकंदाला 25, कारण 100 ला 25 ने नेमका भाग जातो आणि उरलेसुरले पट्टे जागीच उभे राहतात. (ग्रिड नेमकी 50 वर नसते. 49.95 झाली तर पट्टा दहा सेकंदांत एक फेरा सरकतो, पण इतकं संथ सरकणं फ्लोला जाणवत नाही.) शटर 1/100 वर कुलूपबंद. प्रखरता सांभाळायचं काम लेन्सच्या ऑटो आयरिसकडे, म्हणजे आपोआप लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राकडे. दोन कॅमेऱ्यांत आयरिस स्थिर होता, त्यांच्या लेन्स बदलाव्या लागल्या. तसं केलं नसतं, तर पावसाळ्यातल्या दुपारी, बाहेर ढगाळ उजेड आणि आत दिवे सुरू असताना, शटर 1/250 कडे पळालं असतं आणि पट्टे परत आले असते. प्रकाश मोजण्याचा चौकोन जिन्याच्या पायऱ्यांपुरता आखला, म्हणजे खाली लोकल आली तरी कॅमेरा दचकत नाही. डब्ल्यूडीआर (उजळ आणि काळोखे भाग एकाच चित्रात दाखवणारी सोय) बंद. गोंगाट कमी करणारं गाळण सर्वांत खालच्या पायरीवर, कारण ते आधीच्या फ्रेम मिसळतं आणि सावकाश सरकणाऱ्या माणसांमागे शेपट्या सोडतं.

सॉफ्टवेअरमध्ये फार्नेबॅकच्या जागी डिस ही 2016 ची जलद पद्धत आणली. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या खुल्या सॉफ्टवेअर-संग्रहात तिच्यात तुकड्यांची सरासरी वजा करून तुलना करण्याची सोय मुळातच चालू असते. शंकास्पद चौकोनांवर सेन्सस खुणांची जुळणी तपासायची, न जुळल्यास त्या चौकोनाला आकडा द्यायचा नाही, ‘माहिती नाही’ असं लिहायचं. ही तिसरी अवस्था नियंत्रण कक्षाला पटायला वेळ लागला. पडद्यावर रिकामा चौकोन कुणालाच आवडत नाही.

एक विसंगती वाटेल असं कामही केलं. व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये दर 50 व्या फ्रेमला, म्हणजे दोन सेकंदांनी, संपूर्ण चित्र नव्याने पाठवलं जातं आणि सपाट जागांचा पोत क्षणभर उडी मारतो. त्या फ्रेम सरळ टाकल्या. फ्रेम टाकायला आधी नकार दिला होता, पण ही उडी घड्याळाने येते, गर्दीबरोबर येत नाही. म्हणून इथे टाकण्यात काही बिघडत नाही.

निष्पत्ती

रिकाम्या पुलाची चाचणी रोज रात्री दोन ते साडेतीन आपोआप चालते. सेटिंग बदलल्यानंतर खोटी वर्दळ तिथून गेली. परवानगीआधी, फक्त सॉफ्टवेअरच्या जोरावर, ती कमी झाली होती पण गेली नव्हती. दोन्हींत कोणी किती काम केलं, तर निम्म्याहून बरंच जास्त काम एका 1/100 च्या शटरने केलं. संध्याकाळी तुंबलेला जिना आता हळू सरकणारा दिसतो, आणि लोकल आल्यावर येणारा एक्सपोजरचा झटका मोजणीत उमटत नाही.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत. पश्चिमेकडच्या जिन्यावर, ऊन तिरकं असताना, जाळीची आणि माणसांची सावली पायऱ्यांवर पडते. माणसाची सावली खरोखरच सरकत असते, तिची कड ठळक असते, त्यामुळे सेन्सस किंवा उताराचं गृहीतक तिच्यापुढे चालत नाही. त्या वेळी तो जिना अर्धा ‘माहिती नाही’ राहतो. दुसरं, पावसात ओल्या लादीवर माणसांची प्रतिबिंबं पडतात आणि ओघ दुप्पट वाटतो. तिथे हाताने मास्क घातला आहे, म्हणजे तो भाग मोजणीतून वगळला आहे. तात्पुरतं म्हणून घातला होता, अजून तसाच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी अल्गोरिदम निवडण्याआधी रात्रीचं रिकामं चित्रण मागवावं, आणि ओळींच्या सरासरीचा आलेख काढावा. अर्ध्या तासाचं काम. दोन आठवडे वाचले असते. इलेक्ट्रिशियनला दुसऱ्या नव्हे, पहिल्या बैठकीला बोलवावं. परवानगीचा अर्ज कंत्राटाबरोबरच द्यावा. कॅमेऱ्याच्या सेटिंगवर अधिकार नसेल, तर हालचालीच्या आकड्याची जबाबदारी घ्यायची की नाही, हे तिथेच ठरवावं. किमान वेगाची चाळणी लावण्याआधी ती सर्वांत धोक्याच्या स्थितीला काय करते हे तपासावं.

आणि चित्रात एक न हलणारी खूण ठेवावी. गटाने ती उशिरा ठेवली: पुलाच्या दोन्ही टोकांना खांबावर हातभर राखाडी पट्टी, तिच्यावर काळ्या रेघा. तिथला फ्लो कायम शून्य असायला हवा, म्हणून दिवसाही उजेडाची चूक वेगळी दिसते. पुढच्या जून महिन्यात उत्तर टोकाच्या पट्टीवर अचानक वेग दिसू लागला, दक्षिण टोकाची पट्टी शांत. देखभालीत तिथल्या चार ट्यूब बदलल्या गेल्या होत्या, आणि त्याच दिवशी एका कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होऊन शटर पुन्हा 1/120 वर आणि फ्रेम पुन्हा सेकंदाला 30 वर गेल्या होत्या.